मानमोडीची साथ आणि गरोदर स्त्रिया



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बाळंतपणावर बोलावे, हे ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर आताच हसू उमटले आहे. ते आम्ही पाहिले. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, मागावरची पाळी संपल्यावर. वैद्यकातले आम्ही जे सांगणार आहोत ते आधी एका डॉक्टरीणबाईंकडून दोनदा समजावून घेतले आहे. बाकीचा विषय मात्र आमच्याच घरातला आहे, आणि त्याची सुरुवात ह्याच गावात होते.

आमची आजी १९१८ साली सात वर्षांची होती. कुरुंदवाडात तेव्हा पटवर्धनांच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. गाव विलीन व्हायला अजून तीस वर्षे अवकाश होता. आजीचा बाप हातमागावर बसे, आई कांड्या भरून देई. त्या वर्षी दसऱ्याच्या पुढेमागे घरात ताप शिरला. आधी बाप पडला, मग दोन भाऊ. त्यांची उस्तवार करता करता आई पडली आणि पाचव्या दिवशी गेली. बाप आणि भाऊ उठले. म्हातारपणी आजी हे सांगायची तेव्हा शेवटी एकच वाक्य बोलायची, “पोटुशी हुती माझी आय, सातवा लागला हुता. पर लोकांनी मोजली एकच.”

हे वाक्य आम्ही लहानपणी शंभर वेळा ऐकले असेल. त्याचा अर्थ मात्र पन्नाशीला आल्यावर कळला.

त्या तापाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. सरकारी कागदात त्याचे नाव इन्फ्लुएंझा. पहिले महायुद्ध चालू होते आणि मुंबई बंदरात सैन्याची व मालाची सारखी ये-जा होती. १० जून १९१८ च्या सुमारास मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. हा हिवताप नव्हे एवढे डॉक्टरांना कळले, पुढचे कळले नाही. ती पहिली लाट सौम्य होती. लोक पडले आणि उठले. सप्टेंबरात दुसरी आली ती मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. मग आगगाडीने ती साथ देशभर पोचवली. रेल्वेचे नोकर आणि टपालाची माणसे आधी पडली, त्यांच्यामागून गावे पडली. आपल्याकडे मिरज हे जंक्शन. मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ पासून चालू होता, आणि शिरोळ रोडला उतरलेला माणूस संध्याकाळपर्यंत बैलगाडीने ह्या घाटावर येई. प्लेगला गावे ओळखत होती. प्लेग आला की घरे सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे आमच्या आजे-पणज्यांना ठाऊक होते. मानमोडीला माळावर जाऊन उपयोग नव्हता. ती माणसाच्या श्वासाबरोबर माळावरही आली.

त्यात त्या वर्षी पाऊस बुडाला होता. धान्य महागले, चारा संपला. देशात किती माणसे मेली ह्याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत जातात. जगात इतके मृत्यू दुसऱ्या कोणत्याही देशात झाले नाहीत. जनगणना पाहिली तर आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ साली २५.२१ कोटी होती, ती १९२१ साली २५.१३ कोटी झाली. दहा वर्षांत देश वाढण्याऐवजी घटला, असे त्याआधी किंवा नंतर विसाव्या शतकात कधी घडले नाही.

मुंबई शहराचा आणखी एक आकडा आम्हांस नेहमी आठवतो. ह्या तापाने गोऱ्या लोकांत हजारी ८.३ माणसे गेली. पारशांत ९ गेली. ज्यांना त्या वेळच्या कागदात खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे, त्यांच्यात हजारी ६१.६ गेली. रोग एकच आणि हवा एकच. फरक खोलीत माणसे किती, पोटात अन्न किती आणि आजारात उशाशी बसायला कोण, एवढाच. साथीला जात कळत नाही असे आपण म्हणतो. चाळ मात्र तिला बरोबर कळते.

ह्या साथीची दुसरी खूण अशी की तिने म्हातारी आणि पोरे यांच्याबरोबर ऐन उमेदीची माणसे नेली. वीस ते चाळीस ह्या वयातली नेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक नेल्या. का? बायका घरात कोंडलेल्या, शेवटी जेवणाऱ्या आणि आजाऱ्याजवळ रात्रभर बसणाऱ्या, हे कारण सांगतात आणि ते खरे आहे. पण वीस ते चाळीस हेच बाईचे बाळंतपणाचे वय. त्या काळी ह्या वयातली बाई बहुधा गरोदर असे किंवा अंगावर पाजत असे. मग त्या मेलेल्यांत गरोदर किती होत्या?

ह्याचे उत्तर गावच्या नोंदवहीत मिळत नाही, कारण तसा रकानाच नव्हता. त्या काळच्या नोंदीत मृत्यूची कारणे मोजकी असत. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे रोग, इजा आणि इतर. नोंद करणारा पाटील किंवा त्याचा माणूस. त्याने ‘ताप’ ह्या रकान्यात एक रेघ ओढली की बाई संपली. पोटातल्या जिवासाठी रेघ नव्हती. आजीच्या वाक्याचा अर्थ आम्हांस इथे कळला. एवढ्या मोठ्या देशातून एका वर्षात किती गर्भ गळाले, किती मुले उपजत मेली, हे कोणी लिहिले नाही. पुढच्या वर्षीच्या नोंदीत त्याची सावली तेवढी दिसते. १९१९ साली जन्म एकदम खाली आले. त्याला दुष्काळ कारण होता, नवरा-बायकोतले एक गेलेले होते, आणि जी मुले त्या वर्षी जन्मायची ती जन्माआधीच गेली होती. ह्या तिन्हींचा हिशेब आता कोणालाही वेगळा करता येणार नाही.

रेघ नव्हती म्हणून घडले नाही असे मात्र नव्हे. १९१९ साली अमेरिकेत हॅरिस नावाच्या एका डॉक्टराने प्रसूतीच्या डॉक्टरांना पत्रे धाडून ह्या साथीत आजारी पडलेल्या १,३५० गरोदर बायकांची माहिती जमवली. त्यांच्यातल्या शेकडा २७ मेल्या होत्या. जवळजवळ निम्म्यांना न्यूमोनिया झाला होता, आणि झालेल्यांतल्या निम्म्या वाचल्या नाहीत. न्यूमोनिया न होता नुसत्या तापाने पडलेल्यांतही चौथ्या हिश्शाच्या बायकांचा गर्भ गेला किंवा दिवस भरण्याआधी बाळंतपण झाले. न्यूमोनिया झालेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या वर होते. आणि ह्या डॉक्टरच्या हाताखालच्या बायका! पाचव्या दिवशी मेलेल्या आमच्या पणजीला हातमागाच्या खोलीत वेखंड-ओव्याची धुरी मिळाली असेल. दम लागलेल्या माणसाला धूर! पण सुईणीला तरी दुसरे काय ठाऊक होते? मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनाही रोगाचे मूळ ठाऊक नव्हते. ते एका जंतूवर संशय घेत राहिले. खरा गुन्हेगार म्हणजे विषाणू, तो माणसात सापडला १९३३ साली, लंडनमध्ये.

आता गरोदर बाईलाच हा ताप इतका का झोंबतो, ते आम्हांस समजले तसे सांगतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो. तो खाली गेला की श्वास आत येतो. गर्भाशय वाढत जाते तसा तो पडदा चारेक सेंटिमीटर वर सरकतो. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते, ती पाचव्या हिश्शाने कमी होते. अंगाला लागणारा प्राणवायू मात्र वाढलेला असतो, कारण आता दोघांसाठी लागतो. म्हणजे गिरणीत कापूस कमी आणि माग जास्त, अशी ती अवस्था. एरवी हे भागून जाते. बाई भराभर श्वास घेऊन तूट भरून काढते. पण फुप्फुसात पाणी धरले की शिल्लक नसलेल्या घरावर वसुली आल्यासारखे होते. त्यात आणखी एक गोष्ट. पोटातले मूल निम्मे बापाचे, म्हणजे आईच्या शरीराला अर्धे परके. त्याला बाहेर टाकू नये म्हणून तिच्या शरीराची प्रतिकाराची रीत त्या नऊ महिन्यांत बदललेली असते, आणि काही विषाणूंना तो बदल सोयीचा पडतो.

मूल कसे दगावते? इन्फ्लुएंझाचा विषाणू वार ओलांडून मुलापर्यंत क्वचितच जातो. मुलाला मारतो तो आईचा कडक ताप आणि तिच्या रक्तातला कमी पडलेला प्राणवायू. शरीरातल्या दाहाने गर्भाशय आकुंचन पावू लागते आणि कळा वेळेआधी सुरू होतात. कोरोनाने एक पाऊल पुढे टाकले. त्यात काही बायकांची वारच नासली, आणि आई बरी होत असताना मूल पोटात गेले.

ह्यावरून एक साधी गोष्ट निघते. औषध नव्हते त्या काळातही एक उपाय होता. शेवटच्या महिन्यांत बाईला गर्दीपासून दूर, विसाव्यात ठेवणे. हा उपाय कोणाला परवडत होता, तिथे आमचा विषय सुरू होतो.

१९१८ च्या मुंबईत गिरणी कामगारांतला सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. १९११ च्या कायद्याने बाईचा दिवस अकरा तासांचा. नायकिणीच्या हाताखाली त्या सूत गुंडाळीत. रजा म्हणजे खाडा, आणि खाड्यांनंतर जागा राहीलच असे नाही. साथीत गिरण्यांची हजेरी कोसळली. जे उभे राहू शकत होते ते मात्र येत होते, कारण महागाईत एक दिवसाचा पगार म्हणजे चूल. मानमोडी ओसरते न ओसरते तोच जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत लाखावर गिरणी कामगार संपावर गेले. भाव वाढले होते, घराघरात माणूस गेले होते आणि मजुरी तीच होती. आम्ही कामगार चळवळीचा इतिहास सांगताना ह्या संपापासून सुरुवात करतो आणि त्याच्या मागचे तीन महिने गाळतो. हा आमचा जुना दोष आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तिथे गेले. ज्यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९१८ च्या साथीत मुंबईच्या चाळींतून औषधपाणी पोचवले, तेच हे जोशी. त्या परिषदेत बाळंतपणाचा ठराव झाला, की बाळंतपणाआधी सहा आठवडे रजेचा हक्क आणि नंतर सहा आठवडे कामाला बंदी. हिंदुस्थान सरकारने तो मान्य केला नाही. १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंचा मुंबईच्या गिरणी बायकांवरचा अहवाल छापला गेला. कामावर जाताना आई तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवते, हे त्यातून जगापुढे आले. १९२४ साली जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-भत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले.

मग २८ जुलै १९२८. मुंबईच्या कायदे कौन्सिलात असवले यांच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाने द्यावा, कारण त्या श्रमाचा नफा त्याला मिळतो. पुढच्या वर्षी, १९२९ साली, मुंबईचा प्रसूती-भत्ता कायदा झाला. हिंदुस्थानातला असा तो पहिला. दिवसाला आठ आणे, आणि बाळंतपणानंतर चार आठवडे कामाला बंदी.

मानमोडीमुळे हा कायदा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सभेत टाळ्या घेईल, पण ते खरे नव्हे. त्या कायद्याला साथीची आठवणही नव्हती. आम्ही एवढेच म्हणतो की १९१८ च्या ऑक्टोबरात कांड्या भरणाऱ्या सात महिन्यांच्या बाईला जे पाहिजे होते, ते अकरा वर्षांनी कागदावर आले, आणि तेही गिरणीतल्या बाईसाठी. हातमागावरच्या बाईसाठी नव्हे, शेतावरच्या बाईसाठी तर नव्हेच.

पुढच्या साथी आम्ही थोडक्यात घेतो. १९५७ चा आशियाई ताप आपल्याकडे मद्रास बंदरातून आला. त्या साथीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ज्या बाळंतपणाच्या वयातल्या बायका तापाने मेल्या, त्यांच्यातल्या निम्म्या गरोदर होत्या. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात, ३ ऑगस्टला झाला. त्या साथीत अमेरिकेत गरोदर बायकांना इस्पितळात दाखल करावे लागण्याचे प्रमाण इतरांच्या चौपट होते. ह्यानंतर गरोदर बाईला तापाची लस आधी द्या असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली सांगितले. बांगला देशात २००८ सालीच दिसून आले होते की आईला टोचलेली लस बाळालाही पहिले सहा महिने राखते. सुमारे नव्वद वर्षांत तीनदा तोच धडा मिळाला.

आणि मग २०२१.

मुंबईच्या नायर इस्पितळाने कोरोना झालेल्या गरोदर बायकांसाठी दार उघडे ठेवले, आणि परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने त्यांची वेगळी नोंदवही घातली. १९१८ साली जो रकाना नव्हता तो इथे प्रथम नीट आखला गेला. त्या नोंदीत पहिल्या लाटेतल्या १,१४३ बायका आहेत आणि दुसऱ्या लाटेतल्या ३८७. पहिल्या लाटेत मृत्यू शेकडा ०.७ होते. दुसऱ्या लाटेत ते ५.७ झाले, म्हणजे आठपट. आता लसीच्या तारखा पाहा. देशात लस सुरू झाली १६ जानेवारी २०२१ ला. गरोदर बायकांना ती घेण्याची परवानगी मिळाली २ जुलैला. दुसरी लाट ह्या दोन तारखांच्या मध्ये येऊन गेली. गर्भाची काळजी म्हणून लस थांबवली, असे सांगतात. चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, म्हणून पुरावा नव्हता, आणि पुरावा नाही म्हणून लस नव्हती. हे गोल फिरणारे बोलणे आम्ही मालकांच्या तोंडून आयुष्यभर ऐकले आहे. शास्त्रज्ञांच्या तोंडून ऐकताना वाईट वाटले.

पण दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी आमचे सांगतो. त्या मे महिन्यात इचलकरंजीच्या एका शेडमधली कांडीवाली बाई आमच्याकडे आली. गाव आपल्याच भागातले. तिला सातवा महिना होता आणि अंगात कणकण होती. शेडमध्ये दहाच्या आत माणसे, म्हणून प्रसूती-रजेचा कायदा तिथे लागूच होत नव्हता. १९६१ च्या कायद्याचे बारा आठवडे २०१७ साली सव्वीस झाले. तिला बारा नव्हते आणि सव्वीसही नव्हते. तिच्या डोक्यावर मालकाची उचल होती. ती विचारायला आली होती की घरी बसू की जाऊ. आम्ही हिशेबाची वही उघडली आणि म्हणालो, “बाई, आठवडा तेवढा पुरा कर. शनिवारी हिशेब मिटवून घेऊ, म्हणजे तो अंगावर येणार नाही.”

ती गुरुवारी पडली. दोन ठिकाणी खाट मिळाली नाही, तिसऱ्या ठिकाणी मिळाली. ती वाचली. मूल पोटातच गेले होते.

पुढे कोरोनाने मेलेल्यांच्या वारसांना सरकारने पन्नास हजारांची मदत दिली. आम्ही गावोगाव अर्ज भरून घेतले. ती बाईही रांगेत येऊन बसली. तिचा नंबर आल्यावर आम्ही विचारले, मयताचे नाव काय? ती काही बोलली नाही, उठून गेली. त्या रात्री आम्हांस आजीचे वाक्य आठवले, आणि आजवर आम्ही ते ऐकत नव्हतो, नुसते कानांवर पडत होते, हे कळले.

त्याच जुलैत कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. कोरोना अजून गेला नव्हता. ह्या गावातल्या अनेकांनी छावणीतल्या सतरंज्यांवर रात्री काढल्या आहेत, तेव्हा तिथे अंतर राखणे म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको. छावणीत जाताना आम्ही वहीत एक नवा रकाना आखून नेला होता. गरोदर असल्यास कितवा महिना. काहींना ते विचित्र वाटले. एका म्हाताऱ्याने आम्हांस विचारलेही, “युनियन आता सुईणपण करणार व्हय?” त्या रकान्यावरून अशा बायकांना दाराजवळच्या वाऱ्याच्या बाजूला जागा दिली, आणि परवानगी नुकतीच मिळाली होती म्हणून लस टोचणाऱ्या सिस्टरांना त्यांची यादी दिली. काहीजणींनी घेतली. काहीजणींच्या सासवांनी घेऊ दिली नाही.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडाला तीच कांडीवाली पुन्हा कचेरीत आली. तिला पाचवा महिना होता. ह्या वेळी तिने काही विचारले नाही. उचल फेडूनच आली होती. तापाची लस कुठे टोचतात आणि किती पैसे पडतात, एवढे लिहून द्या म्हणाली. आम्ही लिहून दिले. मग चप्पल घातली आणि तिच्याबरोबर गेलो.